मोळीविना रानात

आज आम्ही वांगणीच्या बाया तुमच्याशी जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. विषय आहे चित्रांचा. घरात बसून काढलेल्या नव्हे, तर बाहेर, झाडाखाली, नदीकाठी, देवळाच्या आवारात बसून काढलेल्या चित्रांचा. आणि त्याच्या इतिहासाचा. कारण हे काम सुरू केलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आपण काहीतरी नवीनच करतोय. मग वाचत गेलो, विचारत गेलो, तेव्हा कळलं की आपल्याच तालुक्यात, आपल्याच रुळांच्या कडेला ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी घडून गेली आहे. फक्त तेव्हा त्यात आपण नव्हतो.

आधी आमचं सांगतो. आम्ही दहा-बाराजणी महिन्यातून एका रविवारी घरचं आवरून वही आणि पेन्सिल घेऊन निघतो. कधी उल्हासच्या काठी, कधी बेडीसगावच्या वाटेला, कधी नुसतं स्टेशनच्या पलीकडे शेताच्या बांधावर, जिथून चंदेरीचा कडा दिसतो. पहिल्याच रविवारी काय झालं ऐका. आम्ही बांधावर ओळीने बसलो होतो. समोरून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक आजी आल्या. थबकल्या. आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय गं पोरींनो, काय हरवलं का तुमचं?"

आम्ही हसलो. पण घरी गेल्यावर ते वाक्य मनातून जाईना. बाया बाहेर बसलेल्या दिसल्या म्हणजे त्यांचं काहीतरी हरवलं असेल, नाहीतर गाडी चुकली असेल. बाई रानात जाते ती लाकडाला, नदीवर जाते ती धुण्याला, शेतात जाते ती लावणीला नाहीतर कापणीला. बाहेर जायला आपल्याला कधी मनाई नव्हती. मनाई होती ती हात रिकामे ठेवून बसायला, नुसतं बघायला. मग आम्ही शोधायला लागलो की असं बाहेर बसून बघायची मुभा आजवर कोणाकोणाला मिळाली.

सुरुवात आपल्या रेल्वेपासूनच करावी लागते. १८५६ साली कल्याणहून खोपोलीपर्यंत गाडी धावू लागली. आज आपण ज्या मार्गाने बदलापूर, अंबरनाथ, कल्याण करतो, तोच हा मार्ग. पुढच्याच वर्षी, १८५७ साली, मुंबईत चित्रकलेची शाळा सुरू झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी तिच्यासाठी एक लाख रुपये दिले होते, म्हणून ती जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. इंग्रज सरकारला तेव्हा वाटत होतं की इथल्या कारागिरांना रेखाटन शिकवावं आणि इथल्या जुन्या वास्तूंची नीट नोंद करून घ्यावी. छायाचित्र तेव्हा नवंच होतं आणि महागही होतं. नोंद करायची म्हणजे माणसाने तिथे जायचं, मोजायचं, काढायचं.

आणि ही माणसं आली कुठे? अंबरनाथला. १८६८ साली सरकारी हुकमावरून स्कूल ऑफ आर्टचे टेरी नावाचे शिक्षक माणसांची तुकडी घेऊन आपल्या शिवमंदिराशी आले. देऊळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे. वालधुनीच्या काठचं, काळ्या दगडाचं, शिलाहार राजांच्या काळातलं. त्यावरच्या लेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. आपण महाशिवरात्रीला रांगेत उभं राहतो, पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जातो, नमस्कार करून परत येतो. त्या लोकांनी मात्र देवळाच्या बाहेरच मुक्काम ठोकला. भिंतींची मापं घेतली, रेखाटनं केली, छायाचित्रं काढली. आणि कोरीव कामाचे साचे घेतले.

साचा घेणं म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं, कारण पुढे त्याचं काम आहे. कोरलेल्या दगडावर ओला लगदा, माती किंवा प्लास्टर दाबून बसवतात. थोडं घट्ट झालं की अलगद काढून घेतात. जिथे दगड पुढे आला असेल तिथे साच्यात खड्डा पडतो, जिथे दगड खोल असेल तिथे साचा वर येतो. सगळं उलटं. मग त्या उलट्या साच्यात पुन्हा प्लास्टर ओतलं की सुलटी मूर्ती हातात येते, जशी गणपतीच्या कारखान्यात येते तशी. म्हणजे दगड जागचा न हलवता त्याचा ठसा मुंबईला नेता येत होता.

त्या देवळाच्या भिंती आठवून बघा. किती बाया कोरलेल्या आहेत तिथे! नाचणाऱ्या, आरशात बघणाऱ्या, दागिने ल्यालेल्या. त्या सगळ्यांची मापं घेतली गेली. पण मापं घेणाऱ्या तुकडीत बाई असण्याचा प्रश्नच नव्हता. भिंतीवर असायची आपल्याला परवानगी होती, भिंतीसमोर वही घेऊन बसायची नव्हती.

अंबरनाथनंतर ही शाळा लांब गेली, अजिंठ्याला. तिथे त्यांच्याही आधी रॉबर्ट गिल नावाचा एक लष्करी अधिकारी गेला होता. १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्याने भिंतींवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा त्यातल्या बहुतेक जळून गेल्या. गिलबरोबर पारो नावाची इथलीच एक बाई होती. ती १८५६ साली वारली. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि त्या दगडावर तिचं नाव आहे. तिने रंग कालवले का, मशाल धरली का, कोणती चित्रं तिने त्याला दाखवली, यातलं काहीही लिहून ठेवलेलं नाही. एवढा मोठा इतिहास, आणि त्यात बाईची नोंद कबरीवर.

गिलचं काम जळाल्यावर जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. त्यांच्यात पेस्तनजी बोमनजी हा पारशी तरुण होता, पुढे तो मोठा चित्रकार झाला. हे काम १८८५ पर्यंत चाललं. आणि नशीब बघा, याही नकलांपैकी कितीतरी लंडनमध्येच, १८८५ साली, आगीत गेल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचं पुस्तक केलं.

मग १९०९ च्या हिवाळ्यात अजिंठ्याला एक बाई आल्या. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. इंग्लंडच्या, वय सत्तावन्न. स्वतः चित्रकार, आणि तिकडे बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणाऱ्या. दोन हिवाळे त्यांनी लेण्यांपाशी तंबू ठोकून काम केलं. वटवाघळांचा वास, अंधार, वर शिडी लावून एकेक रेघ उतरवायची. मदतीला कलकत्त्याहून तरुण चित्रकार आले होते, त्यात नंदलाल बोस होते, असितकुमार हालदार होते. डोरोथी लार्चर नावाची आणखी एक इंग्रज चित्रकार मुलगीही होती. त्यांच्या नकलांचं पुस्तक १९१५ साली लंडनला निघालं.

हेरिंगहॅमबाईंचं आम्हाला कौतुक वाटतं, पण मनात येतंच. त्यांच्याकडे पैसा होता, तंबू होते, स्वयंपाकी होते, आणि सरकार त्यांच्याच देशाचं होतं. आपल्यातली एखादी सत्तावन्न वर्षांची बाई तेव्हा डोंगरात दोन हिवाळे राहते म्हणाली असती, तर घरातल्यांनी तिला देवऋष्याकडे नेलं असतं.

आता आपल्या माणसांकडे येऊ. कोल्हापूरला आबालाल रहिमान होऊन गेले. जे. जे.त शिकले, मुंबईत राहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळाला असता. ते गावी परतले. शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. रोज उठून रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर, कोटितीर्थाच्या काठी जाऊन बसायचं आणि समोर जे उजेडात दिसेल ते काढायचं, हा त्यांचा दिनक्रम. सकाळचं पाणी वेगळं, संध्याकाळचं वेगळं. तोच तलाव, पण चित्र दरवेळी नवं. १९३१ साली ते गेले. कोल्हापूरच्या चित्रकारांच्या पुढच्या पिढ्या त्यांना गुरुस्थानी मानतात. आम्ही जेव्हा कंटाळून म्हणतो की तीच ती नदी किती वेळा काढायची, तेव्हा आबालालांची आठवण काढतो आणि गप्प बसतो.

मुंबईत बागा होत्या. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. आपण तिथे मुलांना हत्ती आणि पेंग्विन दाखवायला नेतो. पण जे. जे.चे विद्यार्थी तिथे पिढ्यान्‌पिढ्या रेखाटनाला जात आले आहेत. झाड कसं उभं राहतं, माकड बसल्यावर पाठीचा कणा कसा वाकतो, चालणारा प्राणी पुढचा पाय टाकताना मागचा कुठे असतो, हे पुस्तकातून कळत नाही, ते तिथे जाऊनच कळतं. बाग फुकट होती किंवा तिकीट किरकोळ होतं, आणि तिथे बसलेल्या माणसाला कोणी काय हरवलं म्हणून विचारत नव्हतं. अर्थात, माणूस पुरुष असेल तर.

त्याच जे. जे.त कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून आले आणि शिक्षक होऊन १९३१ पर्यंत तिथे राहिले. आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नावच दिलं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. रस्त्यावरच्या, बाजारातल्या, घाटावरच्या बायका त्यांनी जितक्या काढल्या तितक्या क्वचितच कोणी काढल्या असतील. कोळीण, भाजीवाली, नऊवारीतली ब्राह्मणीण, गुजरातण, पारशीण. पदर कोणी कसा घेतला आहे, टोपली कोणत्या खाकेत आहे, सगळं बिनचूक.

आणि या धुरंधरांच्या घरात आमच्या गोष्टीची नायिका आहे. त्यांची मुलगी अंबिका. जन्म १९१२ चा. वडिलांनी तिला घरात शिकवलं, मग जे. जे.त घातलं. १९३१ साली तिने तिथली पदविका मिळवली. ती पदविका घेणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव येतं. वडील जिथे जिथे हिंडले तिथे मुलीला बरोबर घेऊन गेले. देवळं, घाट, किल्ले, दोघं शेजारी बसून काढत. एकाच जागेवरून वडिलांचं एक चित्र आणि मुलीचं एक. अंबिकाबाईंना दीर्घ आयुष्य लाभलं, २००९ साली त्या गेल्या. आपल्या आठवणीही त्यांनी लिहून ठेवल्या आहेत.

आम्ही हे वाचत होतो तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "बाप बरोबर होता म्हणून जमलं." बरोबरच आहे. त्या काळात मुलीला घाटावर चित्र काढत बसायचं तर शेजारी बाप हवा होता. पण दुसरी म्हणाली, "बापाने शेजारी जागा दिली, हेही काही कमी नाही. माझ्या बापाने मला पाटी दिली नव्हती." दोघींचंही खरं होतं. आम्ही पुढे वाद घातला नाही.

आतापर्यंत सांगितलं ते शाळेतल्या चित्रांचं. पण याच्या कितीतरी आधीपासून आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, आज जो पालघर झाला आहे त्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, बायका रान भिंतीवर आणत होत्या. वारली लग्नाचा चौक तुम्ही पाहिला असेल. भिंत शेणाने सारवायची, गेरूने लाल करायची, तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी करायचं आणि बांबूची काडी ठेचून तिच्या टोकाने काढायचं. मधोमध चौक, त्यात पालघट देवी, भोवती झाडं, पाखरं, ताडावर चढणारा माणूस, तारप्याभोवती फेर. हे काढायचा मान सुवासिनींचा. गाणी म्हणणारी धवलेरी शेजारी असायची. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही.

त्या बायकांना रान बघायला वेगळं जावं लागलं नव्हतं. त्या रोज रानातच होत्या. लाकडं आणताना झाड पाहिलं, पाणी आणताना बगळा पाहिला, आणि ते सगळं डोळ्यांत भरून घरी आणलं. वही नव्हती, भिंत होती. पण लग्न झालं, पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेलं. खाली सही कोणी केलीच नव्हती.

१९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी त्या भागात हिंडले आणि त्यांनी लोकांना कागद दिला. तिथे गंजाडला जिव्या सोमा मशे भेटले. पुरुष असून त्यांना या चित्रांचं वेड होतं, आणि ते लग्नापुरतं न ठेवता रोज काढत होते. माशांचं जाळं, मुंग्यांची वारुळं, पेरणी, सगळं त्यांच्या कागदावर आलं. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. त्यांच्यामुळे वारली चित्र जगभर गेलं. त्यांचं मोठेपण आम्ही जराही कमी करत नाही. पण एक गोष्ट बायकांच्या मासिकात बायकांनी सांगितली पाहिजे. भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं काम होतं आणि त्याला नाव नव्हतं. कागदावर आलं, बाजारात गेलं, तेव्हा नावं आली, आणि ती बहुतेक पुरुषांची होती. आता तिथल्या मुलीही काढतात, विकतात, सही करतात. ती सही आम्हाला फार मोलाची वाटते.

आता पुन्हा वांगणीला येतो. आपल्या गावात दृष्टिहीन कुटुंबं बरीच राहतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून संसार करणारी माणसं आहेत ही. त्यांच्यातली एक आमची मैत्रीण आहे. रेडिओ तिच्या कानाशी कायम असतो. आमच्या रविवारांबद्दल तिने ऐकलं आणि विचारलं, "ताई, मी आले तर चालेल का? पण मी येऊन करू काय?"

खरं सांगतो, आमच्याकडे उत्तर नव्हतं. "ये तर खरी," एवढंच म्हणालो. आणि घरी येऊन विचार करत बसलो. तेव्हा अंबरनाथचे ते साचे आठवले. दीडशे वर्षांपूर्वी देवळाची नोंद करताना त्या लोकांनी फक्त डोळ्यांवर भरवसा ठेवला नव्हता. दगडाचा उंचसखलपणा त्यांनी ठशात धरला होता. मग आपणही तसं का करू नये?

पुढच्या रविवारी नदीकाठची चिकणमाती मळून घेतली. पोळीएवढी, पण जाड लाटली. सागाचं पान घेतलं, पाठीमागच्या शिरा खाली करून त्या मातीवर ठेवलं, तळव्याने सगळीकडून सारखं दाबलं आणि देठाला धरून हळूच उचललं. मातीत पान उमटलं. मैत्रिणीने बोट फिरवलं. मधली शीर, तिच्यातून फुटलेल्या शिरा, त्यांच्यामधली बारीक जाळी. मग पळसाचं पान, मग आंब्याचं. चौथ्या पानापर्यंत ती आम्हालाच सांगायला लागली की या पानाला डावीकडे किडीने खाल्लंय. आम्ही बघितलं. खाल्लेलं होतं. आमच्या डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं.

त्या दिवशी सगळ्यात चांगलं काम तिचं झालं, हे आम्ही तिच्यावर दया म्हणून सांगत नाही. तिने तीन पानं एकमेकांवर अशी बसवली की एकाची शीर दुसऱ्याच्या शिरेला मिळाली. उन्हात वाळवली, कडेला थोडी तडकली, पण टिकली. खाली तिने खिळ्याने आपलं नाव कोरून घेतलं. अक्षरं आम्ही हात धरून काढून दिली, पण नाव घालायचं हे तिनेच ठरवलं.

आणि त्या आजी? मोळीवाल्या? त्या पुन्हा एकदा भेटल्या. या वेळी आम्ही चंदेरी काढत होतो. त्यांनी मोळी खाली टाकली, तिच्यावरच टेकल्या आणि आमच्यातल्या एकीच्या वहीत डोकावल्या. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "डोंगर बरा आलाय. पण मधली खिंड सोडलीस की. चंदेरी आणि म्हैसमाळच्या मधली. वारा तिथनंच तर येतो."

आम्ही मान वर करून पाहिलं. खिंड होती. महिनोन्‌महिने त्या डोंगराकडे तोंड करून बसलो होतो, आणि डोक्यावर ओझं घेऊन जाणाऱ्या बाईने तो आमच्यापेक्षा नीट पाहिला होता. आम्ही त्यांच्या हातात पेन्सिल दिली. त्या लाजल्या, नको नको म्हणाल्या, आणि मग एक वाकडी रेघ ओढून खिंड दाखवली. ती रेघ आम्ही खोडली नाही.

मैत्रिणींनो, एवढं सगळं सांगायचं कारण एकच. चित्रकार व्हा असं आमचं म्हणणं नाही. महिन्यातून एखादा तास मोळी खाली टाकून बसा. जवळ जे असेल ते घ्या, कोळसा, गेरू, पोराची उरलेली वही, नाहीतर नुसती चिकणमाती. दिसत असेल तर बघून काढा, दिसत नसेल तर ठसा घ्या. आणि जे होईल त्याच्या खाली आपलं नाव लिहा. कोणी विचारलंच की काय हरवलं का, तर सांगा की हरवलं नाही काही, सापडतंय.

पुढच्या रविवारी आम्ही उल्हासच्या काठी आहोत. चहा आम्ही आणतो, वही तुमची.